ड्यूटी रुळाची, रेस्ट कुणाची?

'ताई, सप्रेम नमस्कार. मी पूर्णेचा. परभणी-पूर्णा सेक्शनला ट्रॅक मेंटेनर आहे, म्हणजे आपला गँगमनच. वय ३४, नोकरीला ९ वर्षं झाली. वडीलही गँगमन होते, मीटरगेजवर लागले आणि ब्रॉडगेजवर रिटायर झाले. दोन वर्षांमागं पतसंस्थेचं कर्ज काढून सेकंडहँड कॅमेरा घेतला. रेस्ट मिळाली की गाड्यांचे फोटो काढतो, इन्स्टाग्रामवर टाकतो, लोकांना आवडतात. बायको म्हणते, "गाडी तर रोजच जायली, तिचं काय फोटू काढायलाव?" मुकादम म्हणतो, एक दिवस चार्जशीट घेशील. संभाजीनगरचा मित्र म्हणतो, नोकरी सोड, दोघं मिळून लग्नाच्या ऑर्डरी घेऊ. नांदेडच्या एका प्रेसवाल्याला माझे फोटो कॅलेंडरला पाहिजेत, पाच हजार देतो म्हणतो. मागच्या पावसाळ्यात आमच्या बीटमध्ये एक माणूस गाडीखाली गेला. पहिला मीच पोचलो. फोटो काढला नाही तर गँगमधली पोरं म्हणाली, चान्स घालवलास. त्यानंतर कधीकधी रात्री झोप लागत नाही. आता सांगा, छंद सोडू का नोकरी?
- एक ट्रॅकमन, पूर्णा'

दादा, नमस्कार.

दोन्ही सोडू नका. पण एवढ्यावर भागायचं नाही. तुमच्या पत्रात एक प्रश्न नाही, पाच-सहा आहेत आणि त्यातला सगळ्यात मोठा तुम्ही जाता जाता एका ओळीत उरकलाय. झोप लागत नाही, तो. त्याच्यापासूनच सुरू करते, कॅमेऱ्याचं मागून बघू.

गाडीखाली माणूस गेला की पोलीस, डॉक्टर, नातेवाईक सगळे नंतर येतात. आधी पोचतो तो गँगमन, नाहीतर रोज चालत रूळ तपासणारा कीमन. पंचनामा होईपर्यंत थांबायचं, रूळ मोकळा करून द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच किलोमीटरवर हातोडी घेऊन पुन्हा कामाला लागायचं. हे काम कुठल्या हजेरीपटात लिहिलेलं नसतं. अशी गोष्ट पाहून झोप उडणं हा भित्रेपणा नाही, तिथं कुणाचीही उडेल. पण इतके महिने होऊनही उडत असेल तर रेल्वेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना नेमकं हेच सांगा. अंगदुखी, ॲसिडिटी असलं काहीतरी सांगून गोळ्या आणू नका. तिथं बोलायला संकोच वाटला तर 'टेलिमानस' ही सरकारी सेवा आहे, नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत. ओळखीच्या माणसापेक्षा अनोळखी माणसाशी बोलणं कधीकधी सोपं जातं. रात्रीची पेट्रोलिंग लागत असेल तर मुकादमाला सांगून काही दिवस दुसरा बीट मिळतो का बघा.

आता 'चान्स'चं. ८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याहून निघालेले मजूर गावाकडची गाडी धरायला पायी भुसावळकडे चालले होते. लॉकडाऊन आहे, गाड्या बंद आहेत असं समजून करमाडच्या अलीकडे रुळावरच झोपले. मालगाडी आली. १६ जण गेले. त्या घटनेचा देशभर सगळ्यांच्या लक्षात राहिलेला फोटो कोणता? रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्यांचा. देहांचे फोटो कुणी काढलेही असतील, पण आज कुणाला आठवत नाहीत. तुम्ही त्या दिवशी कॅमेऱ्याला हात लावला नाही, ते माणूस म्हणून बरोबर होतं आणि फोटोग्राफर म्हणूनही बरोबर होतं. शिवाय रेल्वेच्या माणसानं अपघाताचे फोटो बाहेर पसरवले तर खातं सोडत नाही, हे त्या पोरांनाही माहीत असेल. नसेल तर सांगा.

मित्राचा सल्ला आता. तो मनापासून बोलत असेल, पण हिशेब त्यानं केलेला दिसत नाही. ट्रॅक मेंटेनरचं मूळ वेतन सातव्या आयोगात १८,००० पासून सुरू होतं. तुम्ही ९ वर्षांत त्याच्या बऱ्याच पुढे गेला असाल. वर महागाई भत्ता, क्वार्टर नाहीतर घरभाडं, दवाखाना, पास. दुसऱ्या बाजूला लग्नाच्या ऑर्डरी. चातुर्मासात तिथी नाहीत. सोयाबीन पाण्यात गेलं की आपल्याकडची निम्मी लग्नं पुढच्या साली ढकलली जातात, उरलेल्यांत पहिली कात्री फोटोवाल्याच्या बिलाला लागते. लग्नाची फोटोग्राफी हलकी नाही. नवरीचा मामा कोण, रुसलेली आत्या कोणती, अक्षता पडताना कुठं उभं राहायचं, हे कळायला जात्याच माणसांच्या गर्दीत रमणारा माणूस लागतो. तुमच्या अख्ख्या पत्रात तुम्हाला लग्नाचे फोटो काढायची हौस आहे असं एकदाही आलेलं नाही. मग नोकरी सोडून न आवडणारं काम करायचं, आणि जे आवडतं ते रूळ मागे राहिले म्हणून सोडायचं, ह्यात मिळवलं काय? नुसत्या गाड्यांच्या फोटोंवर घर चालवणारा माणूस निदान मराठवाड्यात माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मुकादम मात्र तुमचा वैरी नाही. तुमचं पत्र मी ओळखीच्या एका निवृत्त पीडब्ल्यूआय साहेबांना, म्हणजे रुळांच्या देखभालीवरच्या इन्स्पेक्टरांना, वाचून दाखवलं. फोटोंचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, 'ड्यूटीवर काढतो का?' पत्रात तुम्ही 'रेस्ट मिळाली की' असं लिहिलंय, म्हणून मी नाही म्हणाले. पण मुकादमाला तसं बोलावंसं वाटलं त्याअर्थी एखाद्या वेळी मोबाइल बाहेर निघालेला असणार. तो पुन्हा काढू नका.

कीमनचं काम पाहिलेल्या माणसाला ह्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. एका किलोमीटरला १,६६० स्लीपर धरा. एका स्लीपरवर रूळ धरून ठेवणाऱ्या चार पेंड्रोल क्लिपा. म्हणजे किलोमीटरभरात साडेसहा हजारांच्या वर क्लिपा झाल्या, आणि कीमन असे पाच-सहा किलोमीटर चालतो. हातोडीचा ठोका पडला की घट्ट बसलेली क्लिप टणकन वाजते, ढिली झालेली भद्द बोलते. लायनर सरकलाय का, रबर पॅड बाहेर आलंय का, वेल्डजवळ केसाएवढी चीर दिसतेय का, हे सगळं चालता चालता बघायचं, आणि एक कान मागच्या गाडीकडे ठेवायचा. साहेब म्हणाले, 'मे महिन्यात दुपारी रूळ एवढा तापतो की लांब वेल्ड केलेला पट्टा फुगून बाजूला सरकू बघतो. तेव्हा आमचा माणूस उन्हातान्हात त्यावर नजर ठेवून चालत असतो. त्या माणसाच्या डोक्यात लाइट आणि फ्रेम शिरली तर काय करायचं?' एसएफ-११, म्हणजे किरकोळ शिक्षेची चार्जशीट, मिळणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त समजा.

रेस्टच्या दिवशीही रुळात उतरायचं नाही. रेस्टवर असलेला गँगमन कायद्याच्या नजरेत इतर कुणासारखाच. काम नसताना रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवा. परभणी-मुदखेड दुहेरी झाल्यापासून एका लाइनवरच्या मालगाडीच्या खडखडाटात दुसऱ्या लाइनवरची गाडी ऐकू येत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. जुनं अल्को डिझेल दोन शिवारं आधीपासून धडधडत यायचं, धूर दिसायचा. विजेचं इंजिन अंगावर येईपर्यंत गप्प असतं. त्यात एक डोळा व्ह्यूफाइंडरला आणि दुसरा मिटलेला. वाइड लेन्समधून गाडी वाटते लांब आणि असते जवळ. गाड्यांचे फोटो काढणारी बरीच मंडळी ह्या एका फसवणुकीत सापडलेली आहेत.

मग उभं कुठं राहायचं? प्लॅटफॉर्मवर, उतार सुरू व्हायच्या आत. रोडच्या पुलावर. गेटच्या बाहेरच्या अंगाला. आणि रेल्वेच्या हद्दीच्या खुणेपलीकडे शेताच्या बांधावर, शेतकऱ्याला विचारून. त्याला एक प्रिंट दिली तर पुढच्या वेळी चहा मिळेल. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात, तिच्या दोन मीटरच्या आत काही न्यायचं नाही. पुलावर उभं राहून मोनोपॉड उंच धरायची हौस अजिबात नको. ड्रोनचा विषय परवानगी हातात असल्याशिवाय काढूही नका. फ्लॅश तर कधीच नाही. रात्री ताशी शंभरनं गाडी हाकणाऱ्या लोको पायलटच्या डोळ्यांवर उजेड मारणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं.

आता तुमच्या घरचं. तुमच्या बायकोच्या वाक्याला तुम्ही 'तिला कलेची किंमत नाही' अशा अर्थानं घेतलंय, पत्राच्या सुरावरून तसं वाटतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मला ते वेगळं ऐकू आलं. आठवड्यातून तुम्हाला रेस्ट एक मिळते. सहा दिवस माणूस रुळावर, सातव्या दिवशी पुन्हा रुळाकडेच निघाला. दळण, शाळेची मीटिंग, सासऱ्यांचा दवाखाना, हे सगळं तिनं एकटीनं बघायचं आणि वर पतसंस्थेचा हप्ता. तिचं भांडण गाडीशी नाही, गेलेल्या रेस्टशी आहे. तेव्हा महिन्यातली एक रेस्ट कॅमेऱ्याची ठरवा आणि बाकीच्या घरच्या. तीही अख्खी नको, सकाळी दहाच्या आत घरी या, नाहीतरी दहानंतरच्या उन्हात फोटो चांगले येत नाहीत. कर्ज फिटेपर्यंत नवी लेन्स नाही, हे तिच्यासमोर बोला. आणि पास आहेत ना? सचखंड एक्सप्रेस तुमच्या दारावरून अमृतसरला जाते. बायकोला कुठं जायचंय ते तिला ठरवू द्या. ती अमृतसर म्हणाली तर वाटेत तुमचेही फोटो होतील. ती पंढरपूर म्हणाली तर पंढरपूर. तिथं कॅमेरा तिचे फोटो काढायला न्या.

इथवर नुसते 'नको नको' झाले. आता काढायचं काय, ते. मला मुळात ह्याच्याबद्दलच लिहायचंय.

तुम्ही पाठवलेल्या बारा फोटोंत नऊ इंजिनांचे आहेत. चांगले आहेत. वंदे भारत नांदेडपर्यंत आली तेव्हा तिच्या नाकाडाचा फोटो तुम्हीही काढला आणि पुण्या-हैदराबादहून मोठमोठ्या लेन्स घेऊन आलेल्या हौशी पोरांनीही काढला. खरं सांगते, दोन्ही शेजारी ठेवले तर कुणाचा कोणता ते मला ओळखता यायचं नाही. उरलेल्या तीन फोटोंतला एक मात्र माझ्या डोळ्यासमोरून हटत नाही. टूलरूमच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कुदळी, बीटर, पहारी, आणि त्यांच्या दांड्यांवर माणसांच्या हातांनी पडलेली झिलई. एका दांड्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला आहे. तो कुणी गुंडाळला, त्याला फोड आले होते का, तो डावखुरा आहे का, हे तुम्हाला माहीत असणार. हैदराबादच्या पोराला तो तुकडा दिसलाच नसता.

लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर पाणी. त्या गाडीचे फोटो त्या दिवशी सगळीकडे झळकले. टाक्या, पाइप, नेते, हार, सगळं आलं. पण तो साडेतीनशे किलोमीटरच्या जवळपासचा रूळ भर उन्हाळ्यात ज्या गँगांनी सांभाळला, त्यांच्यातल्या एकाचाही फोटो माझ्या पाहण्यात आलेला नाही. कोण काढणार? तिथं जाऊ शकणाऱ्यांकडे कॅमेरा नव्हता आणि कॅमेरेवाल्यांना तिकडे बघायचं सुचलं नाही. तुमच्याकडे आता दोन्ही आहे.

वडिलांकडे त्यांच्या नोकरीचे किती फोटो आहेत, विचारून बघा. बहुतेक एक निघेल, रिटायरमेंटच्या दिवसाचा, हार घातलेला, डोळे मिटलेले. निजामाच्या काळात गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज पडली, १९०० च्या सुमारास ती धावायला लागली. नव्वद-पंचाण्णव वर्षं तिच्यावर आपल्या चार-पाच पिढ्या राबल्या. पूर्णा-अकोला मीटरगेज तर २००८ च्या सुमारापर्यंत होती. तिकडे बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांवरची गाडी, १८९७ ला कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं सुरू केलेली, १९११ ला लातूरला पोचली आणि तिचा लातूरकडचा भागही २००८ पर्यंत ब्रॉडगेजमध्ये विरघळला. मीटरगेजच्या वाफेच्या वायपी, वायजी इंजिनांचे फोटो शोधले तर सापडतात. वाफेच्या इंजिनांच्या वेडापायी कुठल्या कुठल्या देशांतले लोक कॅमेरे घेऊन भारतभर हिंडले. पण इंजिनाखाली कोळशाची राख उपसणारा, खडी भरणारा, रात्री कंदील घेऊन पूल तपासायला जाणारा माणूस त्या फोटोंत आला तर चुकून, कडेला, पाठमोरा. आपल्या माणसांनी आपल्या माणसांचे काढलेले फोटो जवळजवळ नाहीतच.

आता पुन्हा तसंच बदलतंय सगळं. डिझेल जातंय, तारा आल्या. फाटकं बंद होऊन भुयारी रस्ते होताहेत, म्हणजे गेटमनची ती कौलारू खोली, तिच्या दारातली तुळस आणि पाण्याचा माठ जाणार. अमृत भारत योजनेत स्टेशनांचे चेहरे बदलताहेत. बीडला १७ सप्टेंबर २०२५ ला रेल्वे आली. तिकडे ज्यांनी साठी-सत्तरीत पहिल्यांदा आपल्या गावात गाडी पाहिली त्यांचे चेहरे टिपायला अजूनही उशीर झालेला नाही. गाडी पुढेही मिळेल, ते चेहरे मिळणार नाहीत.

ह्या कामात पूर्वसुरी आहेत, आणि लांबचे असले तरी उपयोगाचे आहेत. अमेरिकेत जॅक डेलानो नावाच्या छायाचित्रकारानं १९४२-४३ च्या युद्धकाळात सरकारी कामगिरीवर शिकागोच्या यार्डांत फोटो काढले, पुढे सँटा फे रेल्वेनं कॅलिफोर्नियापर्यंत गेला. त्याच्या फोटोंत इंजिनं आहेतच, पण इंजिनं पुसणाऱ्या बायका आहेत, वेल्डर आहेत, मालगाडीच्या मागच्या डब्यात बसलेले कंडक्टर आहेत. आणि कित्येक फोटोंखाली त्या माणसाचं नाव आणि काम लिहिलेलं आहे. आज तो सगळा संग्रह तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि ऐंशी वर्षांपूर्वीच्या एका वेल्डरला आपण नावानं ओळखतो. दुसरा विन्स्टन लिंक. न्यूयॉर्कचा धंदेवाईक फोटोग्राफर. १९५५ ते १९६० मध्ये नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं त्यानं रात्री, ढीगभर फ्लॅश बल्ब लावून टिपली. आधी कंपनीची परवानगी घेतली, मग दिवे लावले. पण हे दोघंही बाहेरून आलेले होते, तुमच्यासारखा आतला कुणी नव्हता.

म्हणून कामाचे फोटो काढायचेच असतील तर रस्ता असा. पीडब्ल्यूआय साहेबांना लेखी अर्ज करा, की अमुक रेस्टच्या दिवशी, गँग ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, काम करत असताना, मी स्वतः ड्यूटीवर नसताना, सेफ्टी जॅकेट घालून, मुकादम सांगेल तिथं कडेला उभा राहून फोटो काढू इच्छितो. परवानगी मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर रुळाबाहेर काय कमी आहे? सकाळची हजेरी, डबे उघडल्यावर एकमेकांच्या भाजीत जाणारे हात, पगाराच्या दिवशीचा हिशेब, पावसाळी पेट्रोलिंगला निघण्याआधी बॅटरी आणि धोक्याच्या इशाऱ्याचे फटाके तपासून पिशवीत भरणारा पेट्रोलमन, रिटायर होणाऱ्या मुकादमाची मिरवणूक. प्रत्येकाला आधी विचारा. 'नको' म्हणाला तर नको. प्रत्येकाला एक प्रिंट द्या, मोबाइलवर पाठवलेला फोटो लोक हरवून बसतात.

आणि एक वही घाला. वहीच, मोबाइलमधली नोट नको. फोटोचा नंबर, तारीख, वेळ, किलोमीटर, गाडी नंबर, माणसाचं पूर्ण नाव, हुद्दा, गाव. इन्स्टाग्रामवर नावं टाकू नका, पण वहीत सगळी लिहा. फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक घरी आणि एक भावाकडे. वहीचं काम कंटाळवाणं आहे, पहिल्या महिन्यात सोडून द्यावंसं वाटेल. पण वहीशिवाय हे फोटो वीस वर्षांनी 'कुठल्यातरी गँगचा ग्रुप' एवढेच उरतील.

गाड्यांचे फोटो बंद करा असं मात्र मी म्हणत नाही. हौस आहे, करा. फक्त उन्हाची दिशा बघा. तुमचा रूळ साधारण पूर्व-पश्चिम आहे. सकाळी नांदेडकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन असतं, संध्याकाळी परभणीकडे जाणारीच्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा रुळाच्या दक्षिण अंगाला उभे राहा, गाडीची बाजू उजळून निघते. मेमध्ये तो डोक्यावर येतो, त्या महिन्यात इंजिनाच्या काचेखाली सगळं काळं पडतं, उगाच कार्ड भरू नका. ताशी ११० नं येणारी गाडी सेकंदाला ३० मीटर पुढे सरकते. १/१००० शटरलाही ती ३ सेंटिमीटर हलते, १/२५० ला १२. तुमच्या चौथ्या फोटोतला इंजिनाचा नंबर त्यानंच पुसट झालाय. लेन्सला दोष देऊ नका. आणि कॅमेरा उन्हात बाइकच्या डिक्कीत ठेवत असाल तर ते आजपासून बंद.

राहिला कॅलेंडरवाला. रेल्वे सेवक (आचरण) नियम, १९६६ मधला १५ वा नियम खासगी धंद्याला परवानगीशिवाय मनाई करतो. पण अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलात्मक किंवा शास्त्रीय स्वरूपाच्या कामाला त्यातच मोकळीक आहे, कामात अडथळा येत नसेल तर. फोटो प्रदर्शनात लावणं, रेल्वे सप्ताहात इन्स्टिट्यूटमध्ये टांगणं, ह्यात कुणाची हरकत असायचं कारण दिसत नाही. विचारूनही बघा. पण पाच हजार घेऊन कॅलेंडरला फोटो दिला की ते हौशीचं काम की धंदा, हा वाद खात्याला घालता येतो. म्हणून आधी कार्मिक शाखेला साध्या मराठीत नाहीतर हिंदीत एक पानी अर्ज द्या. कोणते फोटो, कुठून काढलेले, कुणाला देणार, किती रक्कम, सगळं त्यात लिहा. प्लॅटफॉर्मवरचे आणि रेल्वेहद्दीतले फोटो शक्यतो देऊच नका, बांधावरून काढलेले द्या. माणसांचे तर कॅलेंडरला अजिबात नकोत, त्यांनी ते तुम्हाला काढू दिलेत, किराणा दुकानाच्या भिंतीसाठी नव्हे. प्रेसवाल्याकडून एक वर्ष, एक कॅलेंडर, प्रत्येक फोटोखाली तुमचं नाव, एवढं कागदावर घ्या. मूळ फाइल देऊ नका, छपाईपुरती द्या. आणि तो घाई करायला लागला तर करू द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्मिक शाखेचा पोच-शिक्का आणि पुढे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय त्याच्या पाच हजारांना हात लावू नका.